करुणेच्या कार्यशाळेत मोठ्या माणसांचे काम

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेत एखादे शिबिर भरवायचे ठरले की पहिली चर्चा प्रमुख पाहुण्यांची होते. पाहुणे ठरले की दीपप्रज्वलन, परिचय, तासाभराचे भाषण, आभार आणि चहा हा क्रम आपोआप लागतो. पुष्कळ विषयांना हा साचा चालतो. करुणा आणि स्वीकार या विषयाला तो चालत नाही. ‘एकमेकांना समजून घ्या’ हे वाक्य नववी-दहावीच्या मुलामुलींना नवे नसते; बालवाडीपासून ते त्यांच्या कानावर पडत आलेले असते, आणि ते ऐकता ऐकताच मधल्या सुट्टीत कोणाला डब्याच्या वर्तुळात घ्यायचे व कोणाला घ्यायचे नाही हेही ती शिकलेली असतात. म्हणून जेथे जेथे या विषयाची कार्यशाळा गांभीर्याने घेतली गेली, तेथे व्यासपीठावरच्या वक्त्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, दुसरी माणसे महत्त्वाची ठरली. त्या गावातले, त्या वस्तीतले साधे प्रौढ स्त्री-पुरुष एक दिवसाची रजा काढून आले आणि मुलांमध्ये बसले. त्यांनी तेथे नेमके काय केले, हा आजचा विषय आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1987 साली रिच दुत्रा-सेंट जॉन आणि इव्हॉन सेंट जॉन-दुत्रा या दांपत्याने ‘चॅलेंज डे’ नावाचा उपक्रम सुरू केला. माध्यमिक शाळांसाठी आखलेली ही एका दिवसाची कार्यशाळा. सुमारे शंभर विद्यार्थी आणि त्यांच्यासोबत सुमारे पंचवीस प्रौढ असे तिचे प्रमाण असते. म्हणजे दर चार मुलांमागे एक मोठे माणूस. त्यात त्या शाळेचे काही शिक्षक असतात, पालक असतात, आणि ज्यांचे एकही मूल त्या शाळेत नाही असे गावकरीही असतात. दिवस चालवणारे दोन प्रशिक्षित संचालक बाहेरून येतात. पण ते दोघेच. बाकी सारा भार गावातल्या माणसांवर.

सकाळ गोंगाटाची असते. मोठ्याने संगीत, टाळ्या, खेळ. मुले आपापल्या टोळक्यांतून सुटी व्हावीत आणि ज्याच्याशी वर्षभरात एक शब्द बोलणे झाले नाही त्याच्या शेजारी बसावीत, एवढाच त्या खेळांचा हेतू. मग चार-पाच मुले आणि एक प्रौढ अशी लहान वर्तुळे होतात. प्रत्येकाला दोन-चार मिनिटे मिळतात. ‘तुम्ही मला खरोखर ओळखत असता, तर तुम्हाला ठाऊक असते की...’ अशा वाक्याने सुरुवात करून ज्याने त्याने आपल्याविषयी सांगायचे. मध्ये कोणी बोलायचे नाही. त्यानंतरचा प्रयोग अधिक प्रसिद्ध आहे. सभागृहात जमिनीवर एक रेघ असते. संचालक एकेक विधान वाचतो : ज्यांच्या रंगरूपावरून त्यांची चेष्टा झाली आहे, ज्यांच्या घरात दारूने दुःख आणले आहे, ज्यांनी जवळचे माणूस गमावले आहे. ज्यांना ते लागू पडते त्यांनी मुकाट्याने रेघ ओलांडून पलीकडे जायचे आणि मागे वळून उभे राहायचे. अलीकडची माणसे अंगठा, तर्जनी आणि करंगळी उंचावून अमेरिकन खुणांच्या भाषेतील प्रेमाची खूण दाखवतात. कोणी काही बोलत नाही.

या प्रयोगात प्रौढ माणसेही रेघ ओलांडतात. बाहेरून पाहणाऱ्याच्या ही गोष्ट चटकन ध्यानात येत नाही, आणि खरे तर सर्वांत महत्त्वाची तीच आहे. त्यांना भिंतीशी उभे राहून देखरेख करण्याची मुभा नसते. पन्नाशीतला एखादा गृहस्थ चौदा वर्षांच्या मुलाच्या शेजारी जाऊन उभा राहतो तेव्हा त्या मुलाला कोणत्याही भाषणातून न कळणारी गोष्ट कळते : जे आपल्याला लपवावेसे वाटते ते घेऊन एखादे माणूस जगले, मोठे झाले, आणि आज येथे दोन पायांवर उभे आहे.

लहान वर्तुळातले काम त्याहून अवघड. मोठ्या माणसांना, विशेषतः भारतीय मोठ्या माणसांना, सल्ला दिल्यावाचून राहवत नाही. मूल म्हणते, ‘बाबा माझ्याशी बोलत नाहीत’. लगेच उत्तर येते, ‘अरे, ते तुझ्यासाठीच राबतात.’ उत्तर खोटे नसते, पण ते येताच बोलणे थांबते आणि वर्तुळातली उरलेली तीन मुलेही सावध होतात. स्वयंसेवकाने तेथे स्वतःविषयी थोडे आणि खरे सांगावे, मुलाचे पूर्ण ऐकावे, आणि शांतता पडली तर ती पडू द्यावी. सांगायला सोपे आहे. सहा तास तसे बसून राहणे हे मात्र श्रमाचे काम आहे, आणि ते अंगभूत चांगुलपणाने येत नाही. आधी दोन-तीन संध्याकाळी सराव करावा लागतो.

अशा एका दिवसावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. दिवसभरात मुलांचे हृदय उघडायचे आणि संध्याकाळी संचालकांनी सामान आवरून पुढच्या गावाला निघायचे. मंगळवारी जी मुले एकमेकांच्या गळ्यात पडून रडली तीच गुरुवारी एकाने सांगितलेली गोष्ट त्याच्यावर उलटवणार नाहीत याची हमी कोण देणार? बाहेरचे संचालक ती देऊ शकत नाहीत. पुढच्या आठवड्यात बाजारात, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी त्याच मुलाला पुन्हा भेटणारा गावातला माणूसच ती देऊ शकतो. पंचवीस स्थानिक माणसांची अट या दृष्टीने पाहिली पाहिजे.

त्याच देशात, त्याहून सोळा वर्षे आधी, एका मानसशास्त्रज्ञाने अश्रूंची वाट टाळून दुसरी वाट काढली होती. 1971 साली टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या शाळांत गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात आणले गेले, आणि अल्पावधीतच मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अ‍ॅरन्सन यांना मदतीसाठी बोलावण्यात आले. त्यांनी वर्ग पाहिले आणि त्यांना दिसले की मारामारी मैदानावर होत असली तरी तिची पेरणी वर्गात होते आहे : शिक्षक प्रश्न विचारतो, हात वर होतात, एकाला संधी मिळते, बाकीचे हिरमुसतात आणि तो चुकावा असे मनोमन इच्छितात. अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाठाचे तुकडे केले. पाच-सहा मुलांच्या गटात प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. त्याने तो समजून घेऊन इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या पाठावर. ‘जिगसॉ’ म्हणून ही पद्धत पुढे जगभर गेली.

अ‍ॅरन्सन यांनी एका मुलाची हकिगत लिहून ठेवली आहे; त्याला त्यांनी कार्लोस हे टोपणनाव दिले आहे. त्याच्या घरची भाषा स्पॅनिश, इंग्रजी अडखळत येणारे. तोंड उघडले की हसू होते, म्हणून तो वर्गात गप्प बसायला शिकला होता. जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचा एक तुकडा त्याच्या वाट्याला आला. तो चाचरू लागला तशी गटातली मुले सवयीप्रमाणे टोमणे मारू लागली. जवळून फिरणाऱ्या साहाय्यकाने त्यांना दटावले नाही. माणुसकीवर प्रवचनही दिले नाही. टोमणे मारण्यात मजा येत असेल, पण त्याने कार्लोसच्या वाट्याचा भाग समजणार नाही आणि परीक्षा तर थोड्याच वेळात आहे, एवढेच तो म्हणाला. काही दिवसांत मुलांना उमगले की कार्लोसकडून माहिती हवी तर त्याला नीट प्रश्न विचारले पाहिजेत. ती तसे विचारू लागली, तो बोलू लागला, आणि बोलू लागल्यावर तो मुलांना वाटला होता त्याहून पुष्कळ हुशार निघाला.

कार्लोस महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला परका नाही. संविधानाच्या 30 व्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला, आणि दूरदूरच्या शहरांत स्थिरावलेल्या मराठी माणसांनी वर्गणी काढून अशा शाळा उभ्या केल्या. या शाळांतील मुलांना बाहेरच्या रस्त्यावर आपण थोडे असल्याची जाणीव असते. त्यांचे उच्चार, त्यांची आडनावे यांची कधीतरी थट्टा झालेली असते. असे असताना शाळेच्या चार भिंतींच्या आत मात्र मराठीचीच उतरंड लागते. ज्याच्या घरी ‘आणि’, ‘पाणी’ म्हणतात तो वरच्या पायरीवर. ज्याच्या घरी ‘आनी’, ‘पानी’ म्हणतात तो खाली.

भारतातील जवळपास प्रत्येक मोठ्या सराफ बाजाराच्या आसपास सोने-चांदी वितळवून शुद्ध करणारे गलाई कारागीर आढळतात. त्यांतील फार मोठा वर्ग सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून आलेला मराठी भाषक आहे. बँकेत वा केंद्र सरकारच्या कचेरीत बदलीने आलेल्या कुटुंबाचे मूल आणि भट्टीवर काम करणाऱ्या कुटुंबाचे मूल एका बाकावर बसते, ते केवळ मराठी शाळेमुळे. ही या शाळांची मोठी पुण्याई. तथापि बाक एक असला म्हणून मने एक होत नाहीत. एकाची भाषा प्रमाण आणि दुसऱ्याची अशुद्ध, असा निवाडा शिक्षकाच्या तोंडून एकदा जरी आला तरी मुले तो वर्षभर वापरतात. त्यात जात येते, रंग येतो, मुलीसारखे चालणारा मुलगा येतो, ऐकू कमी येणारी मुलगी येते. आता तर आणखी एक भर पडली आहे : घरी मुळीच मराठी नसलेली, शेजारच्या वस्तीतून आलेली मुले. त्यांच्याविषयी पालकसभेत जे बोलले जाते ते मुलांपर्यंत पोचत नाही असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

येथे ‘रेघ ओलांडणे’ जसेच्या तसे उचलून आणण्यात धोका आहे. शंभर अनोळखी मुलांत जे धैर्याचे ठरते ते तीस-चाळीस मुलांच्या, एकमेकांची घरे ठाऊक असलेल्या वर्गात उघडे पडणे ठरू शकते. ‘जातीवरून ज्यांचा अपमान झाला त्यांनी पलीकडे जावे’ असे म्हटल्यावर दोनच मुले पलीकडे गेली, तर त्या दोघांनी त्या दिवशी काय मिळवले? अपमान करणाऱ्यांना रेघ ओलांडावी लागली नाही, हे विसरता येत नाही. भारतीय शाळेला अ‍ॅरन्सन यांची वाट अधिक मानवेल असे वाटते, आणि त्याला या मातीतला आधारही आहे.

2007 पासून दिल्लीतील अनेक खासगी शाळांना गरीब घरच्या मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या. पुढे शिक्षण हक्क कायद्याने देशभर तसाच, 25 टक्क्यांचा नियम केला. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या दिल्लीच्या वर्गांचा अभ्यास केला आणि तो 2019 साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झालेली आढळली आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागलेली आढळली. त्यात एक प्रयोग धावण्याच्या शर्यतीचा होता. बक्षिसाच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा. जोरात धावणारा गरीब मुलगा घ्यायचा की मंद धावणारा आपल्यातला? ज्यांच्या वर्गात गरीब मुले नव्हती, त्यांच्यातील अधिक जणांनी जिंकण्याची संधी सोडून आपल्यातला निवडला. राव यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरांच्या क्रमाने पाडले जात, त्यामुळे कोण कोणाबरोबर बसेल हे योगायोगाने ठरे. वर्गात गरीब मूल असण्याबरोबरच ते आपल्या गटात असणे आणि त्याच्याशी रोज काम पडणे, याने फरक पडत होता.

मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात क्रिकेटची मदत घेतली. निरनिराळ्या जातींचे 1,261 तरुण. त्यांतील काहींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून महिनाभराचे सामने भरवले. कोणाला मिश्र जातींचा संघ मिळाला, कोणाला स्वजातीयांचा. एका संघात खेळलेल्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून समोर आलेल्यांत ती घटली. शाळांनी ही दुसरी ओळ विशेष ध्यानात घ्यावी, कारण गुणवत्ता यादीपासून आंतरवर्गीय स्पर्धांपर्यंत शाळेचा बराचसा दिवस मुलांना एकमेकांसमोर उभे करण्यातच जातो.

मग स्वयंसेवकाचे काम अधिक साधे आणि अधिक चिकाटीचे होते. सुतारकाम जाणणाऱ्या माजी विद्यार्थ्याने सहा मुलांचा एक गट घेऊन ग्रंथालयाची मोडलेली कपाटे दुरुस्त करावीत. गट त्याने पाडावा, मुलांनी नव्हे. एखाद्या आजीने वेगवेगळ्या घरांतल्या मुलांकडून त्यांच्या घरच्या बोलीतील शब्द गोळा करून घ्यावेत, आणि खानापूरच्या मुलाला तेथे शिक्षक व्हावे लागावे. मुले काम करताना बोलतील. कोणी टोमणा मारला तर ऑस्टिनच्या त्या साहाय्यकासारखे एकच वाक्य पुरते. मनातले बोलणे आलेच तर हात कामात असताना येईल. त्यासाठी कोणाला मध्ये उभे करण्याची गरज पडणार नाही.

ते आले तर काय करायचे हे मात्र आधी शिकलेले असावे. कार्यशाळेत ‘येथे बोललेले येथेच राहील’ असे वचन देण्याची प्रथा आहे. भारतातील स्वयंसेवकाने हे वचन बिनशर्त देऊ नये. कायद्याने ते त्याला पाळता येत नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा, ज्याला ‘पॉक्सो’ म्हणतात, त्याच्या 19 व्या कलमानुसार अठरा वर्षांखालील मुलावर असा अत्याचार झाल्याचे कळणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ते पोलिसांना वा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास 21 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. घराण्याची अब्रू, शाळेचे नाव, मुलीचे पुढे कसे होईल, यांपैकी एकही कारण तेथे चालत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मुलांना स्पष्ट सांगावे : ‘तुझी गोष्ट आम्ही कोणाला सांगत फिरणार नाही, पण तुला धोका आहे असे दिसले तर तुझ्या रक्षणासाठी योग्य माणसाला सांगू, आणि तसे करण्यापूर्वी तुला सांगू.’ मुलांसाठी 1098 आणि मानसिक आरोग्यासाठी 2022 पासून सुरू झालेला ‘टेलि-मानस’चा 14416 हे दोन क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असावेत. स्वतः समुपदेशक असल्याचा आव आणू नये. आणि शाळेने, कितीही जुना ओळखीचा माणूस असला तरी, त्याला एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसू देऊ नये. यात अविश्वास मानण्याचे कारण नाही.

मराठी माणसाला या कामाचा नमुना शोधायला कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याची गरज तशी नव्हती. 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळत होते. मुले बाहेर असताना तिच्या-त्याच्या खोलीतला पसारा आवरून ठेवणारे, कपडे धुऊन ठेवणारे, मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने दैनिक लिहिणारे गुरुजी सर्वांना ठाऊक आहेत. पुढे 1947 साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले, आणि अखेरच्या काळात प्रांताप्रांतांतील माणसांनी एकमेकांची भाषा व जीवन जाणावे यासाठी ‘आंतरभारती’चा ध्यास घेतला. पंढरपूरचे उपोषण इतिहासात गेले. छात्रालयातल्या त्या खोल्या कोणी मोजल्या नाहीत. पण तिथल्या मुलांनी जे पाहिले ते त्यांना सांगून शिकवता आले नसते. परप्रांतात मराठी शाळा चालवणाऱ्यांना आंतरभारतीची आठवण विशेष जवळची वाटावी. शेजारच्या वस्तीतले बिगरमराठी मूल वर्गात आले की तिची पहिली परीक्षा होते.

राहिला हिशेब. नववीच्या दोन तुकड्यांत मिळून ऐंशी मुले असतील, तर चारास एक या प्रमाणाने वीस मोठी माणसे लागतील. त्यांनी आधी तीन संध्याकाळी एकत्र बसावे लागेल, मग एक पूर्ण दिवस, आणि त्यानंतर वर्षअखेरीपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक शनिवारची दुपार. वीसांपैकी सहा-सात जण पहिल्या दोन महिन्यांत गळतील. म्हणून सुरुवातीला सव्वीस-सत्तावीस नावे हवीत. त्यांत केवळ निवृत्त अधिकारी आणि देणगीदार नसावेत. भट्टीवर काम करणारे पालक असावेत, त्यांच्यासाठी वेळ रात्रीची ठेवावी लागली तरी चालेल. शाळेतल्या सेविका असाव्यात. कोणते मूल डबा एकटे खाते हे बहुधा त्यांना मुख्याध्यापकांच्या आधी ठाऊक असते. आणि ज्यांच्या उच्चारांना याच वर्गांतून कधी हसले गेले होते, असे काही माजी विद्यार्थी असावेत. ते मेळाव्यांना सहसा येत नाहीत. त्यांचे पत्ते जुन्या हजेरीपटांतून काढावे लागतील, आणि निमंत्रण टपालाने न पाठवता कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन द्यावे लागेल.